चार वाजून दहा मिनिटांचा फोटो

भिंगकाकांचं भिंग गेली अकरा वर्षं काही कामाचं नव्हतं. फोटो आता संगणकावर येतात, बटण दाबलं की हवे तेवढे मोठे होतात, त्याला भिंग कशाला लागतं? पण काका ते पडद्याला लावूनच बघायचे. त्यातून फक्त रंगीत ठिपके दिसतात, हे मी त्यांना निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. "ठिपके तर ठिपके, तुला काय त्रास आहे?" म्हणायचे. त्रास होता. माझं टेबल त्यांच्या टेबलाला चिकटून होतं, आणि ते पडद्यावर इतके वाकायचे की त्यांच्या कोपराने माझा चहा आठवड्यातून एकदा तरी सांडायचा.

आमचं ऑफिस म्हणजे सार्वजनिक छायाचित्र संग्रह. कोणीही आपल्याकडचा फोटो इथे चढवावा, कोणीही इथला फोटो उतरवून घ्यावा. मधे आम्ही बसलेलो. फोटो कोणाचा, त्याचा कॉपीराइट कोणाकडे, तो सगळ्यांना फुकट वापरता येईल की मालकाला विचारावं लागेल, हे ठरवणं आमचं काम. नद्या, पूल आणि पक्षी माझ्याकडे होते. लष्कराचे फोटो काकांकडे.

लष्कराच्या फोटोंचा नियम ऐकायला सोपा आहे. सैनिकाने कामाच्या वेळेत काढलेला फोटो सरकारी, मग तो गंमत म्हणून का काढलेला असेना. म्हणजे सगळ्यांसाठी खुला. त्याच सैनिकाने ड्यूटी संपल्यावर, स्वतःच्या हौसेने काढलेला फोटो त्याचा. आणि तो गेला तर त्याच्या वारसांचा. कॅमेरा कोणाचा होता, फोटोत कोण आहे, तो कोणी चढवला, याने काही फरक पडत नाही. "बटण कोणी दाबलं आणि कोणाच्या वेळेत दाबलं, एवढंच सांगा," असं काका फोनवर म्हणायचे. दिवसातून वीस-पंचवीस फोन. निवृत्त सुभेदार, तळावरचे कारकून, कोणाचे मेहुणे, कोणाच्या विधवा. प्रत्येकाला तोच प्रश्न तीन वेळा, तीन तऱ्हांनी. समोरचा वैतागून फोन आपटायचा, काका शांतपणे पुन्हा लावायचे. विचारल्याशिवाय शिक्का नाही, हा त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा हट्ट होता, आणि प्रत्येक प्रश्नाचं टिपण फाइलला लावलेलं असायचं.

शिक्के तीन. 'खुला', 'मालकाचा' आणि 'ठरत नाही'. तिसरा मारला की फोटो जसा आहे तसाच राहतो, फाइल कपाटात जाते आणि सगळे सुटतात. इतर तपासनीस तो शिक्का सढळ हाताने मारतात. मी पण मारते. काकांना तो मारणं जिवावर यायचं.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. फोटो उघडला की ते आधी पुठ्ठ्याचा एक चौकोनी तुकडा पडद्याच्या मधोमध धरायचे. चेहरे झाकायचे आणि फक्त कडा बघायच्या. कडेला अर्धवट आलेला पट्टा, गाडीचा नंबर, कोणाची तरी सावली. "चेहरा बघितला की डोकं चालत नाही," म्हणायचे. "या फोटोतली निम्मी पोरं आता नाहीत. मी एकेकाकडे बघत बसलो तर दिवसाला एक फोटो होईल." मला हा माणूस दगड वाटायचा. तोंडावर तसं म्हणालेही आहे.

काकूंकडे मी एकदा जेवायला गेले होते. दोन खोल्या, चकचकीत फरशी, आणि भिंतीवर एकही फोटो नाही. मी विचारलं तेव्हा काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "लग्नाचा आल्बम आहे ना, ट्रंकेत. तो काढणारा माझ्या मामाचा दोस्त होता. तो वारला. आता त्याच्या मुलांना विचारल्याशिवाय भिंतीवर लावायचा नाही म्हणतात. मुलं कुठे आहेत ते माहीत नाही. तेव्हा बसलेय मी, लग्न झालं असं धरून." काका भाताकडे बघून हसत होते. ते हसलेले मी फार वेळा पाहिलेले नाहीत, म्हणून लक्षात आहे.

शिवणबाई आमच्याकडे आल्या त्या एका मंगळवारी सकाळी. त्या सरकारी दवाखान्याच्या कपडेखात्यात चादरी आणि रुग्णांचे झगे शिवतात. पन्नाशीच्या, सडपातळ, बोटांची टोकं सुईने खडबडीत झालेली. टेबलासमोर उभ्या राहिल्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. पिशवीतून एक कागद काढून काकांपुढे ठेवला.

"हा माझा मुलगा," म्हणाल्या. "फोटोतला मधला."

फोटो रस्त्यावरच्या जाहिरातीच्या फलकाचा होता, मोबाइलवर काढून छापून आणलेला. ट्रकच्या मागच्या भागात बसलेले तीन सैनिक, पोरंच म्हणायची, मान मागे टाकून हसतायत. मधल्याने हात लांब करून स्वतःच फोटो काढलाय. खाली हातभर अक्षरं : 'निश्चिंत झोपा. आम्ही जागे आहोत.' आणि एका खासगी सुरक्षा कंपनीचा फोन नंबर.

हकीकत त्यांनी उभ्याउभ्याच सांगितली. मुलगा लष्करात तुकडीचा फोटोग्राफर होता, परदेशातल्या एका तळावर. सात महिन्यांपूर्वी दुपारी तळावरून एक ट्रक निघाला, तो संध्याकाळपर्यंत परत आला नाही. शोधायला गेले तेव्हा रस्त्यात सुरुंगाचा खड्डा सापडला. सातही जण गेले होते. कॅमेरा मात्र लांब उडून पडला होता, त्यातलं कार्ड शाबूत होतं. लष्कराच्या प्रसिद्धी विभागाने त्यातले बारा फोटो आमच्या संग्रहात चढवले. त्यांनी चढवले म्हणून नेहमीप्रमाणे 'खुला' असा तात्पुरता शिक्का आपोआप पडला. आणि त्या कंपनीने तो फोटो उचलला.

"दवाखान्यासमोरच्या स्टॉपवर लावलाय," बाई म्हणाल्या. "सकाळी बसमधून उतरले की समोर तो. हसतोय. कुलपं विकतात हो ते लोक. माझं पोर त्यांनी कुलपांवर लावलंय. मी गेले होते त्यांच्याकडे. ते म्हणाले, फोटो सगळ्यांचा आहे, संग्रहाचा शिक्का आहे, वकील करा. वकील म्हणाला, मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कोणाचा हक्क नसतो, पण फोटो त्याने सुट्टीच्या वेळात काढला असेल तर तो तुमचा, आणि मग एका दिवसात उतरवायला लावतो. ते तुम्ही ठरवता म्हणे."

काकांनी पुठ्ठ्यासाठी हात पुढे केला होता. तो तसाच मागे घेतला. टेबलापलीकडे बाई उभ्या होत्या आणि मुलाचं नाक, हनुवटी, हसण्यासाठी ताणलेली ती जिवणी, सगळं बाईंच्याच तोंडावर होतं. तिथे पुठ्ठा कुठे धरणार?

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"फोटोत वेळ चार वाजून दहा मिनिटं आलीय. कॅमेऱ्यातलं घड्याळ त्याने तिकडे गेल्यावर बदललं होतं का?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तिकडची वेळ आपल्यापेक्षा तीन तास मागे आहे. तिकडची वेळ लावली होती की आपली इकडचीच ठेवली होती?"

"माहीत नाही."

"कधी फोनवर त्याबद्दल काही म्हणाला होता? घड्याळाबद्दल, कॅमेऱ्याबद्दल?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, रडू आवरतायत. मला त्या क्षणी काकांचा इतका राग आला की मी मुद्दाम खुर्ची सरकवून आवाज केला. माणसाच्या काळजाची चाळण झालीय आणि हा घड्याळं विचारतोय.

तळावरून ड्यूटीचा तक्ता दोन दिवसांत आला. बाकीच्या सहाजणांची ड्यूटी संध्याकाळपर्यंत. फोटोग्राफरची सकाळी सहा ते दुपारी दोन. फोटो चार दहाचा. म्हणजे ड्यूटी संपून दोन तास उलटून गेलेले. मला तर प्रश्न सुटल्यासारखाच वाटला. "मारा शिक्का," मी म्हटलं.

काकांनी भिंग ठेवलं आणि पडद्याच्या उजव्या कडेवर बोट टेकवलं. ट्रकच्या उघड्या फळीवर पाण्याचा एक कॅन होता. "याची सावली बघ."

"बघितली."

"चारच्या उन्हात सावली एवढीशी पडत नाही. ही एक-दीडची सावली आहे."

"ढग असतील."

"ढग असले तर सावलीच पडत नाही."

"मग ट्रक उतारावर असेल. फळी तिरकी असेल. काका, तुम्ही काय सूर्याचे साडू आहात?"

ते हसले नाहीत. तो दिवस तसाच गेला, दुसराही गेला. 'ठरत नाही' मारला असता तर फोटो खुलाच राहिला असता आणि फलक जागचा हलला नसता. तिसऱ्या दिवशी दुपारी माझा तोल सुटला. मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय, विसरता आलं तर बरं होईल. मी म्हटलं, "अठ्ठावीस वर्षं तुम्ही कडा चाटताय. एकदा मधे बघा ना! ती बाई रोज सकाळी बसमधून उतरून काय बघते ते बघा. त्या कॅनच्या सावलीशी तिचं काय देणंघेणं आहे? एकदा तरी माणसासारखे वागा."

काकांनी पुठ्ठा खणात टाकला, फोटो पडदाभर मोठा केला आणि त्या तीन पोरांकडे बघत बसले. बराच वेळ. मग निर्णय लिहिला : कॅमेऱ्यातील वेळ चार दहा, ड्यूटी दोन वाजता समाप्त, फोटो खासगी वेळेत काढलेला, हक्क वारसाचा. सावलीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. 'मालकाचा' हा शिक्का मारला आणि त्या दिवशी पाच मिनिटं आधी घरी गेले.

आमचे निर्णय फोटोखाली जाहीर दिसतात, कोणीही वाचावेत. वकिलाने तो कागद कंपनीच्या तोंडावर मारला आणि नवव्या दिवशी फलक उतरला. बाईंचा फोन आला. "आज समोर नुसती पत्र्याची चौकट आहे," म्हणाल्या. "फार बरं वाटलं." मी तर ऑफिसभर मिरवले. दगडाला पाझर मी फोडला, असं मला वाटत होतं. सलग दोन आठवडे काकांनी माझा चहासुद्धा सांडला नाही, हे मात्र मला जाणवलं होतं.

पाच आठवड्यांनी बाई पुन्हा आल्या. या वेळी पाकीट होतं, लष्कराच्या नोंदणी कार्यालयाचं. काकांनी वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं.

भाषा सरकारी होती, पण अर्थ समजायला वेळ लागत नव्हता. ट्रक नेमका किती वाजता उडाला हे कोणालाच माहीत नव्हतं. सातही जण कामावर असताना गेले, असं तोवर धरलेलं होतं. आता छायाचित्र संग्रहाच्या अमुक क्रमांकाच्या निर्णयावरून सिद्ध होतं की चार वाजून दहा मिनिटांनी ट्रक धडधाकट होता आणि फोटोग्राफर ड्यूटी संपल्यावर, कोणाच्याही हुकमाशिवाय, आपल्या मर्जीने त्यात बसला होता. सबब त्याचा मृत्यू कर्तव्यावर असताना झालेला नाही. सबब स्मारकाच्या शिळेवरून त्याचं नाव काढण्यात येत आहे.

"काढलं पण," बाई म्हणाल्या. "मी काल जाऊन आले. सहा नावं आहेत आणि एका जागी सिमेंट. ओलं होतं अजून, बोटाला लागलं." त्यांनी बोट पुढे केलं, जणू आम्हाला खोटं वाटेल. "बाकीच्यांच्या घरची माणसं होती तिथे. इतके महिने आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. काल एकीने तोंड फिरवलं. दुसरी म्हणाली, तुझा फिरायला गेला होता. त्याच्या फोटोच्या हौसेपायी ट्रक थांबला असेल आणि आमची पोरं..."

एकच वेळ, एकच घड्याळ. त्याच चार दहाने फोटो आईचा ठरवला होता आणि त्याच चार दहाने मुलगा भटक्या ठरला होता. हे इतकं सरळ होतं आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही फक्त फोटोचं बघतो ना!

"सावली लहानच होती," काका म्हणाले. बाईंना काही समजलं नाही. काकांनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, आपल्या हाताने पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, मला दोन दिवस द्या."

दोन दिवस लागलेच नाहीत. त्याच दिवशी दुपारी त्यांनी त्या कार्डावरचे बाकीचे अकरा फोटो उघडले. सातवा फोटो तळाच्या स्वयंपाकघराचा होता. मधे कढईत झारा घातलेला आचारी, आणि अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात, अर्धं कापलं गेलेलं भिंतीवरचं घड्याळ. नऊ वाजून पाच मिनिटं. फोटोच्या माहितीत वेळ होती बारा वाजून पाच मिनिटं.

"तीन तास," काका म्हणाले. "त्याने घड्याळ इकडचंच ठेवलं होतं. चार दहा म्हणजे तिकडे एक दहा. तो ड्यूटीवर होता."

"मग सुटलं की!" मी जवळजवळ ओरडले. "दुरुस्ती पाठवा. हा फोटो आधी दिसला असता तर..."

"तेव्हाही इथेच होता. मी उघडला नाही."

"का?"

"उघडला असता तर दिसलं असतं."

आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने एका गोष्टीकडे मुद्दाम पाठ फिरवली होती, आणि ती माझ्या तोंडाच्या पट्ट्याला घाबरून की त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून, ते मला त्यांना विचारायचं धाडस झालं नाही. आजही झालेलं नाही.

शनिवारी आम्ही दोघं बाईंच्या घरी गेलो. एकच मोठी खोली, खिडकीशी शिलाई मशीन, पलंगावर घडी करून ठेवलेले हिरवे झगे. काकांनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. सावलीचंसुद्धा. दुरुस्ती केली तर मुलाचं नाव शिळेवर परत येऊ शकतं. पण मग फोटो ड्यूटीवरचा ठरतो, म्हणजे पुन्हा सगळ्यांचा. फलक परत लागेल आणि या वेळी तो कोणालाच उतरवता येणार नाही.

बाई मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"काय?"

"घड्याळाचं. दर रविवारी फोन करायचा. म्हणायचा, आई, कॅमेऱ्यात तुझंच घड्याळ ठेवलंय. फोटो काढताना वेळ दिसते, मग कळतं, तू आता जेवत असशील, आता मशीनवर बसली असशील." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तुम्ही तीनदा विचारलंत. मी तीनदा नाही म्हटलं. वकिलाने सांगितलं होतं, ड्यूटीवरचा ठरला तर फोटो गेला. मला तो फलक उतरायला हवा होता, दुसरं काही सुचत नव्हतं. स्वतःच्या पोराला मीच कामचुकार ठरवलं. मी येते तुमच्याबरोबर. साहेबांना सांगते, मी खोटं बोलले."

"नाही," काका इतक्या जोरात म्हणाले की मी दचकले. मग आवाज खाली आणला. "तसं करायचं नाही. नोंदणी कार्यालयाचा नियम मी वाचलाय. तपासनीसाची चूक असेल तर प्रकरण परत उघडतं. घरच्यांनी माहिती दडवली असं एकदा कागदावर आलं की ते कायमचं बंद. मग सूर्य आणून दाखवला तरी नाव लागणार नाही."

"मग मी काय सांगू?"

"तुम्ही काही सांगायचं नाही. तुम्हाला कोणी विचारलंच नव्हतं."

बाईंना ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्या ओक्साबोक्शी रडल्या. काका पलंगावरच्या झग्यांकडे बघत बसून राहिले. परत येताना मी रस्त्यात म्हणाले, "काका, चूक माझी पण आहे. मी तुम्हाला..." तर माझं वाक्य तोडून म्हणाले, "तू आपले नद्या-पूल बघ."

काकांनी दुरुस्ती पाठवली, आणि तिची चौकशी आमच्याच ऑफिसच्या बैठकीच्या खोलीत झाली. नोंदणी कार्यालयाचे दोन अधिकारी, आमच्या संचालकबाई आणि काका. साक्षीदार म्हणून मी दाराजवळच्या खुर्चीवर. त्या फाइलमध्ये बाईंना विचारलेल्या प्रश्नांचं टिपण नव्हतं. सोमवारी सकाळी मी आले तेव्हाच ते नव्हतं, आणि काका माझ्या आधी आलेले होते.

मोठे अधिकारी म्हणाले, "कॅमेऱ्याचं घड्याळ कोणत्या वेळेवर आहे, हे तुम्ही कुटुंबाला विचारलं होतं?"

"नाही."

"तुमच्या अठ्ठावीस वर्षांच्या फाइली आम्ही चाळल्या. प्रत्येक फाइलला प्रश्नांचं टिपण आहे. याच एका फाइलला नाही."

"या वेळी नाही विचारलं."

"कारण?"

काकांनी क्षणभर टेबलाकडे बघितलं. "कंटाळा आला होता," म्हणाले.

संचालकबाईंच्या तोंडावर जे आलं ते मला बघवेना. एवढ्यात अधिकारी माझ्याकडे वळले. "तुम्ही यांच्या शेजारी बसता. ती बाई आली तेव्हा होतात ना? यांनी विचारलं होतं का?"

तीन प्रश्न मला पाठ होते. बाईंची ती बोटंसुद्धा दिसत होती. आणि काका खिडकीबाहेर बघत होते, जणू माझ्या उत्तराशी त्यांचा काही संबंधच नाही.

"नाही विचारलं," मी म्हटलं.

निवृत्तीला आठ महिने असताना काकांना काढून टाकलं. निरोप समारंभ नाही, हार नाही. भिंग, पुठ्ठा आणि डबा पिशवीत घालून ते जिना उतरून गेले. ज्यांच्यासाठी ते आदर्श होते त्यांनीच सगळ्यात आधी माना फिरवल्या. "आम्हाला उपदेश करायचे आणि स्वतः काय, कंटाळा आला!" असं जेवणाच्या सुट्टीत ऐकू यायचं. मी तोंडाला कुलूप लावून जेवायचे.

शिळेवर नाव परत लागलं. सिमेंटवरच कोरलं आहे, अक्षरं बाकीच्या सहांपेक्षा थोडी बारीक आहेत, पण लांबून कळत नाही. तोंड फिरवलेली बाई फूल ठेवायला आली होती म्हणे. फलक चौदाव्या दिवशी परत लागला, या वेळी मागून दिवा लावून. शिवणबाई आता एक स्टॉप आधी उतरतात आणि मागच्या गल्लीतून चालत दवाखान्यात जातात.

मध्यंतरी मी काकूंना भेटायला गेले. काका दूध आणायला गेले होते. काकू बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "तू शेजारी बसायचीस म्हणून विचारते. खरंच कंटाळा आला होता का गं यांना?"

त्यांनी काकूंनासुद्धा सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

"मला वाटलंच," काकू म्हणाल्या. "वय झालंय आता. पण निदान विचारायचं तरी होतं त्या बाईला."

लष्कराचे फोटो आता माझ्याकडे आले आहेत. त्या फोटोखाली, आमच्या नियमाप्रमाणे, नवा निर्णय जाहीर लावलेला आहे आणि जोवर फोटो आहे तोवर तो तिथे राहणार : 'तपासनीसाने कंटाळ्यामुळे कुटुंबाकडे विचारणा केली नाही. पूर्वीचा निर्णय रद्द. फोटो सर्वांसाठी खुला.' फोटो उतरवून घेणारे हजारो लोक ते वाचतात. परवा एकाने खाली लिहिलं होतं, असल्या माणसांना पगार कशाचा देतात? चुकीची नोंद दिसली की ती दुरुस्त करणं, हेच माझं काम आहे. ती ओळ मी रोज उघडते, वाचते आणि तशीच ठेवते.